कोळसा खाण कामगारांचे वेतन करार : एक अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री म्हणून केलेल्या कार्याचा उल्लेख आपल्या बहुतेक स्मरणिकांत असतो. तथापि तो एका परिच्छेदात आटोपतो. कामाचे तास, प्रसूती भत्ता, कल्याण निधी अशी यादी दिली जाते आणि लेखक पुढे हिंदू कोड बिलाकडे वळतो. यादी खोटी नाही, पण यादीने काही समजत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्यातला एकच धागा धरला आहे. कोळसा खाणीतल्या माणसाची मजुरी कोण ठरवतो, कशी ठरवतो आणि ठरलेली मजुरी त्याच्या हातात पडते का, एवढाच हा प्रश्न आहे.

मी या विषयाचा विद्वान नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि नोकरीची काही वर्षे विदर्भातल्या कोळसापट्ट्यातील एका गावच्या शाखेत काढली. तिथे काउंटरच्या आतून जे दिसले त्यामुळे हा विषय वाचावासा वाटला. एवढाच माझा अधिकार समजावा.

दिसले ते असे. २०२३ साली कोळसा कामगारांचा नवा वेतन करार झाला आणि मागील फरकाची रक्कम खात्यांवर जमा झाली, तेव्हा शाखेत पासबुक भरून घ्यायला रांग लागली होती. रांगेत एकामागे एक दोघे जण उभे होते. दोघेही एकाच खुल्या खाणीत गाडी चालवणारे. पहिला कंपनीचा कायम कामगार, दुसरा ठेकेदाराचा माणूस. पहिल्याच्या पासबुकात लाखाच्या वर फरक जमा झालेला. दुसऱ्याच्या पासबुकात मात्र एक विचित्र गोष्ट होती. दर महिन्याला मजुरी पूर्ण जमा होत होती आणि त्याच दिवशी त्यातली मोठी रक्कम एटीएममधून निघत होती. मी सहज विचारले, "भाऊ, पगार झाला की लगेच एवढी मोठी रक्कम काढता?" तो म्हणाला, "मी कुठं काढतो साहेब, कार्ड तर मुनशीपाशी आहे."

या उत्तराकडे आपण शेवटी परत येऊ. ते समजण्यासाठी आधी ऐंशी-नव्वद वर्षे मागे जाणे भाग आहे.

टब, सरदार आणि मालक

आपल्या देशातला जुना कोळसा मुख्यतः झरिया आणि राणीगंजचा. झरिया तेव्हा बिहारात, राणीगंज बंगालमध्ये. आपल्याकडे चांदा, वणी, उमरेड आणि मध्य प्रदेशातील पेंच-कन्हान या खाणी होत्या, परंतु मजुरीचे मोठे झगडे झरिया-राणीगंजला झाले आणि तिथे जे ठरले ते हळूहळू इकडे लागू होत गेले.

कोळसा भरणाऱ्याची मजुरी दिवसावर नसे, टबावर असे. टब म्हणजे रुळावरून ढकलायची लोखंडी डबागाडी. दिवसाकाठी किती टब भरले त्यावर त्याचे पोट. त्यामुळे भांडण जेवढे दराचे तेवढेच टबाच्या मापाचे असे. टब शिगोशीग नाही म्हणून कापणी, कोळशात दगड निघाला म्हणून कापणी. आणि रिकामा टबच वेळेवर मिळाला नाही तर खाली अंधारात बसून काढलेल्या वेळेचे काहीच नाही. कागदावरचा दर कितीही असो, माप मालकाच्या हाती असेल तर दराला अर्थ राहात नाही. व्याजाचा दर कमी सांगून खर्चाच्या नावाखाली वसुली करणारा सावकार आपल्या लोकांनी पाहिलेला आहे. हा तोच प्रकार.

शिवाय मजूर आणि मालक यांची समोरासमोर गाठच नसे. मध्ये सरदार असे. तो गावाकडून माणसे आणी, त्यांना उचल देई आणि त्यांच्या मजुरीवर आपला हिस्सा घेई. पुष्कळ खाणींत तर कोळसा काढण्याचे सगळे कामच ठेकेदाराला दिलेले असे. मालकाने ठेकेदाराला टनावर पैसे द्यायचे आणि ठेकेदाराने मजुराला काय द्यायचे ते त्याचे तो पाही. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने, ज्यात आपले ना. म. जोशी एक सदस्य होते, १९३१ च्या अहवालात या ठेकेदारी पद्धतीविषयी प्रतिकूल मत दिले. पद्धत मात्र चालू राहिली.

आता अशा मजुराने मजुरीची वाटाघाट कोणाशी करायची? मालक शेकडो. त्यांच्या संघटना तीन, एक गोऱ्या कंपन्यांची आणि दोन भारतीय मालकांच्या. कोणी मोठ्या यांत्रिक खाणीचा मालक, तर कोणी चार पंप आणि दोनशे माणसे एवढ्यावर धंदा करणारा. एकाने दर वाढवला तर शेजारचा वाढवत नसे, आणि शेजाऱ्याचा कोळसा स्वस्त पडतो म्हणून पहिलाही मग हात आखडता घेई. मजुरांच्या संघटना होत्या, पण त्यांना मान्यता देण्याचे मालकांवर कसलेही बंधन नव्हते. संघटनेचे पत्र आले तर मालक ते न उघडताच बाजूला ठेवू शकत होता.

बाबासाहेबांच्या मजूर खात्याने काय केले

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि लगेच ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही पक्षांची परिषद भरली. अशी परिषद कायमस्वरूपी असावी आणि तिची एक स्थायी समिती असावी असे तिथे ठरले. आज याचे कोणाला नवल वाटणार नाही. त्याआधी मात्र सरकार मजूर प्रश्नावर प्रांतिक सरकारांशी बोले, मजुरांशी नव्हे. ज्याच्याबद्दल बोलायचे त्याला खोलीत बोलवायचे, ही गोष्टच नवी होती.

नोव्हेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी मध्यवर्ती कायदेमंडळात एक विधेयक मांडले. प्रातिनिधिक कामगार संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करावे, हा त्याचा गाभा. माझ्या मते त्यांच्या मजूरविषयक कार्यातील हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रुग्णालय, निधी, वसाहत या गोष्टी डोळ्यांना दिसतात म्हणून लक्षात राहतात. पण मालकाला टेबलाशी बसायला भाग पाडणे हे त्याहून मूळचे काम होते. या विधेयकाचे पुढे काय झाले? सुधारित रूपात ते १९४७ साली मंजूर झाले आणि अमलात कधीच आणले गेले नाही. कायदा पुस्तकात छापला गेला, अंमलबजावणीची तारीख काही निघाली नाही. संघटनेला वाटाघाटीचा कायदेशीर हक्क देणारी देशव्यापी तरतूद लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. त्या दिवशी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि तिच्यात ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीची संघटना म्हणून मान्यता मिळाली. या संहितेवर कामगार संघटनांचे इतर अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. परंतु एवढा एक मुद्दा ब्याऐंशी वर्षे पडून राहिला हे नमूद केले पाहिजे.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. मजुरांची घरेही त्यांनी पाहिली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून रवाना होणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा आणि तो पैसा मजुरांच्या घरांवर, पाण्यावर, दवाखान्यांवर खर्च करायचा, अशी ही योजना. धनबाद आणि आसनसोलची मध्यवर्ती रुग्णालये पुढे याच निधीतून उभी राहिली. हिशेबाच्या दृष्टीने यातले मर्म असे की हा पैसा मजुरीतून कापलेला नव्हता आणि मालकाच्या मर्जीवरही नव्हता. कोळसा हलला की पैसा जमा, असा तो व्यवहार होता.

आणखी एक काम झाले ते आकडे गोळा करण्याचे. १९४४ साली द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या वतीने कोळसा खाणींचा स्वतंत्र अहवाल एस. आर. देशपांडे यांनी तयार केला. मजुराला नक्की मिळते किती, त्यात धान्य किती, रोख किती, किती दिवस काम मिळते, हे मोजल्याशिवाय वाटाघाट होऊच शकत नाही. मालक म्हणतो परवडत नाही, मजूर म्हणतो पुरत नाही. दोघांच्या मध्ये आकडा नसेल तर ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

एका कटू प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यास १९३७ पासून बंदी होती. युद्धकाळात कोळशाचे उत्पादन घसरले तेव्हा, १९४३ मध्ये, सरकारने ही बंदी उठवली आणि त्या वेळी मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात यावर कडक टीका झाली. ही युद्धापुरती तात्पुरती तडजोड आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल या अटीवर भर दिला. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. आपले लेखक हा प्रसंग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. युद्धकाळच्या सरकारात बसून काम करणाऱ्याला काय गिळावे लागते ते यात दिसते. आणि गिळतानाही समान कामाला समान मजुरी हे तत्त्व त्यांनी सरकारच्या तोंडून वदवून घेतले, हेही दिसते.

निवाडे आले, पैसे आले नाहीत

बाबासाहेब १९४६ मध्ये त्या पदावरून दूर झाले. पुढची वीस वर्षे मी भराभर सांगतो, कारण त्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. १९४७ मध्ये बंगाल-बिहारच्या खाणींसाठी सामोपचार मंडळाने मजुरीत चांगली वाढ सुचवली. त्यातूनच १९४८ चा कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी व बोनस कायदा आला. इतर उद्योगांतल्या कामगारांचा भविष्य निधी १९५२ चा, म्हणजे कोळसा मजूर त्याबाबतीत चार वर्षे पुढे होता. १९५६ मध्ये अखिल भारतीय औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा आला, जो मजुमदार निवाडा म्हणून ओळखला जातो. त्यावर अपील झाले आणि १९५७ मध्ये त्याचा निर्णय लागला. १९६२ मध्ये केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले. त्याने पाच वर्षे घेतली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून त्याच्या शिफारशी लागू झाल्याचे जाहीर झाले.

येथे थोडे थांबावे लागेल. वेतन मंडळाची शिफारस हा कायदा नव्हता. तिन्ही पक्षांनी एकत्र बसून काढलेला तो निष्कर्ष होता आणि मालकांनी तो मानावा अशी अपेक्षा होती. मोठ्या कंपन्यांपैकी काहींनी तो मानला. असंख्य खाणमालकांनी मानला नाही. कोणी अर्धा लागू केला, कोणी वहीत एक आकडा लिहून हातावर दुसराच ठेवला. भविष्य निधीची कपात मजुरीतून करायची आणि ती भरायची नाही, हाही प्रकार सर्रास होता. दर ठरलेला, सही झालेली, आणि तरी मजूर जिथल्या तिथे.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांना हा अनुभव अगदीच परका नाही. बँक कामगारांचा शास्त्री निवाडा १९५३ चा. अपिलात त्यावर १९५४ मध्ये निर्णय लागला आणि सरकारने त्यात कर्मचाऱ्यांच्या विरुद्ध फेरफार केले. ते न पटल्याने केंद्रीय मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. न्यायाधिकरणांच्या फेऱ्यांना कंटाळून शेवटी १९६६ मध्ये बँक संघटना आणि बँक व्यवस्थापन यांनी समोरासमोर बसून पहिला द्विपक्षीय करार केला. कोळशात तशी सोय नव्हती, कारण समोर बसायला एक मालक नव्हता.

एकच मालक असावा की नाही, एकच करार असावा की जागोजाग वेगळा, हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९२६ साली नेमके याच मुद्द्यावर रण माजले. खाणमालकांना मजुरी कमी करायची होती, कामाचे तास वाढवायचे होते आणि करार जिल्हावार करायचे होते. मजूर संघाला देशभर एकच करार हवा होता. १ मे रोजी मालकांनी टाळेबंदी केली. पाठिंब्यासाठी इतर कामगारांनी पुकारलेला सार्वत्रिक संप ३ मे ते १२ मे असा नऊ दिवस टिकला, पण खाणमजूर एकटे पडूनही हिवाळ्यापर्यंत झुंजले. अखेर उपासमारीने ते हरले आणि कमी मजुरी, जास्त तास व जिल्हावार करार स्वीकारून खाणीत उतरले. तिथल्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या त्या १ जानेवारी १९४७ रोजी. मालक वेगवेगळे राहिले की त्यांच्यातला सर्वांत गरीब मालक सगळ्या मजुरांचा दर ठरवतो, हा धडा तिथल्या मजुरांनी फार मोठी किंमत देऊन घेतला.

एक मालक, एक करार

आपल्याकडे ऑक्टोबर १९७१ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १ मे १९७२ रोजी त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. उरलेल्या खाणी जानेवारी १९७३ च्या अखेरीस ताब्यात घेतल्या गेल्या आणि १ मे १९७३ रोजी त्याही राष्ट्राच्या झाल्या. मोहन कुमारमंगलम हे तेव्हा संबंधित खात्याचे मंत्री होते. वेतन मंडळाच्या शिफारशी मालकांनी धाब्यावर बसवल्या हे राष्ट्रीयीकरणाच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांपैकी एक प्रमुख कारण होते. १९७५ मध्ये कोल इंडियाची स्थापना झाली. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, तिचीच एक कंपनी.

१९७३ मध्येच कोळसा उद्योगासाठी संयुक्त द्विपक्षीय वाटाघाट समिती नेमली गेली. एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला केंद्रीय कामगार संघटना. न्यायाधीश नाही, मंडळ नाही. ११ डिसेंबर १९७४ रोजी पहिल्या राष्ट्रीय कोळसा वेतन करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९७५ पासून तो लागू झाला. झरिया असो, चांदा असो, पेंच असो, त्या त्या प्रवर्गाची मूळ मजुरी एक. सरदाराचा हिस्सा गेला, पगारपत्रक आले, महागाई निर्देशांकाशी जोडलेला भत्ता आला. सेवेत मृत्यू झाल्यास वारसाला नोकरी ही तरतूदही या करारांतून पक्की झाली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या घरात टबाचा हिशेब होता त्या घरातली मुले आज इंजिनिअरिंगला आहेत, हे मी खात्यांवरून सांगू शकतो. आपल्या समाजातली कितीतरी घरे या एका करारामुळे उभी राहिली, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्या गर्दीत या कोळसापट्ट्यातले लोक किती असतात ते नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

असे असले तरी सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. सरकार मालक झाले म्हणून मालकपण सोडत नाही. पाचवा करार १ जुलै १९९१ पासूनचा, त्यावर सह्या १९ जानेवारी १९९६ रोजी. सहावा १ जुलै १९९६ पासूनचा, सह्या २३ डिसेंबर २००० रोजी, म्हणजे कराराची पाच वर्षे संपायला जेमतेम सहा महिने उरले असताना! तोपर्यंत किती जण निवृत्त झाले आणि किती जण फरकाची वाट पाहात वारले याचा हिशेब कोणत्याही परिपत्रकात नाही. नंतर हे अंतर कमी झाले. नववा करार सात महिन्यांत झाला, दहावा पंधरा महिन्यांत.

अकरावा करार १ जुलै २०२१ पासूनचा. व्यवस्थापनाने सुरुवात केली ती तीन टक्क्यांपासून. बैठकींमागून बैठकी झाल्या आणि ३ जानेवारी २०२३ रोजी १९ टक्के किमान हमी लाभावर एकमत झाले. २० मे २०२३ रोजी पूर्ण करारावर सह्या झाल्या. भत्त्यांत २५ टक्के वाढ मिळाली. कोल इंडिया आणि सिंगरेनी मिळून सुमारे २ लाख ८० हजार कामगारांचा हा करार. इंटकच्या अंतर्गत वादाचे प्रकरण न्यायालयात असल्याने ती संघटना या वेळी टेबलाशी नव्हती. भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा, आयटक आणि सिटू या चौघांनी वाटाघाट केली. झेंड्यांचे चार रंग, पण मागणीपत्र एक. आपल्या समाजातल्या संस्थांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

किमान हमी लाभ म्हणजे काय ते पुष्कळ कामगारांनाही नीट समजत नाही, म्हणून सोपे उदाहरण देतो. ३० जून २०२१ रोजी एखाद्याचा मूळ पगार, महागाई भत्ता, विशेष महागाई भत्ता आणि हजेरी बोनस यांची बेरीज ५० हजार रुपये असेल, तर नव्या करारात त्याला किमान ९,५०० रुपये जास्त मिळालेच पाहिजेत. जुलै २०२१ ते मे २०२३ हे तेवीस महिने. ढोबळ फरक झाला २ लाख १८ हजार ५०० रुपये, त्यातून भविष्य निधी आणि आयकर वजा. काउंटरवर लोक "बँकेने फरक कमी जमा केला" म्हणून भांडायला येत, तेव्हा मी हाच हिशेब पावतीच्या मागे मांडून दाखवीत असे. (मार्च २०२४ मध्ये आमचा बारावा द्विपक्षीय करार झाला, त्यात आम्हाला १७ टक्के मिळाले. तेव्हा हेच लोक मला चिडवून गेले.)

सह्या झाल्यावरही प्रकरण संपले नाही. कामगारांचा पगार अधिकाऱ्यांच्या पगारापेक्षा वर जाऊ नये, या सरकारी धोरणाचा आधार घेऊन काही अधिकारी त्याच वर्षी न्यायालयात गेले. बारा-पंधरा वर्षे खाणीत घालवलेल्या माणसाला नव्या अधिकाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर बिघडते कुठे, हे मला अजून उमगलेले नाही.

टेबलाबाहेरचा माणूस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रीयीकरणानंतर कोळसा कंपन्यांत सहा लाखांवर कामगार होते. आता कोल इंडियाचे कायम कामगार अडीच लाखांच्याही आत आले आहेत. कोळसा मात्र कितीतरी पटीने वाढला आहे. हा कोळसा काढतो कोण? काही काम यंत्रे करतात हे खरे. पण खुल्या खाणीत वरची माती काढणे, कोळसा वाहणे, गाड्या भरणे ही कामे मोठ्या प्रमाणावर ठेकेदारांकडे गेली आहेत. १९७० च्या ठेका कामगार कायद्याखाली केंद्र सरकारने १ फेब्रुवारी १९७५ रोजी अधिसूचना काढून कोळसा काढणे, भरणे-उतरवणे आणि माती काढणे अशा कामांत ठेका पद्धतीला बंदी घातली होती. म्हणजे व्हिटले आयोगाला १९३१ मध्ये जे खटकले होते ते १९७५ मध्ये कागदावर बंद झाले, आणि नंतर खाणीच्या मागच्या दाराने, मोठाले टिपर घेऊन, परत आले.

हा माणूस करारात नाही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना त्याचा प्रतिनिधी नाही. तथापि संघटनांनी त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले असे म्हणता येणार नाही. नवव्या कराराच्या वेळी ठेका मजुरांसाठी एक उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि १ जानेवारी २०१३ पासून अकुशल मजुराला दिवसाला ४६४ रुपये, अर्धकुशलाला ४९४, कुशलाला ५२४ आणि अतिकुशलाला ५५४ असे दर ठरले. त्या वेळच्या किमान वेतनापेक्षा ते बरेच जास्त होते. महागाईप्रमाणे ते पुढे वाढत गेले. मजुरी बँकेतूनच द्यायची, म्हणजे ठेकेदाराला लबाडी करता येणार नाही, अशीही व्यवस्था झाली.

वेतन मंडळाच्या काळी जे झाले तेच येथे पुन्हा झाले, फक्त वहीच्या जागी पासबुक आले. ठेकेदाराने समितीच्या दराने मजुरी खात्यात जमा करायची, त्याची नोंद दाखवून कंपनीकडून बिल घ्यायचे आणि मजुरांची एटीएम कार्डे मुनशीने गोळा करून वरचे पैसे परत काढून घ्यायचे. कागद बघाल तर चोख. यात आम्ही बँकवालेही हात झटकू शकत नाही. आमच्या शाखेत ही खाती एकगठ्ठा उघडली गेली होती. अर्ज ठेकेदाराच्या माणसाने आणले, मोबाइल क्रमांक त्यानेच दिले, कार्डांचे पाकिटेही तोच घेऊन गेला. त्या दिवशी शाखेचे खाती उघडण्याचे उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणून आम्ही पेढे खाल्ले होते. मीही खाल्ला होता.

दसऱ्याच्या आधी कायम कामगारांना कामगिरीशी निगडित बक्षिसाची रक्कम मिळते, २०२३ मध्ये ती ८५ हजार रुपये होती. तीही वाटाघाटीनेच ठरते. त्या गर्दीत ठेका मजूर कोपऱ्यात उभे राहून आपल्या खात्यात कायद्याप्रमाणेचा ८.३३ टक्के बोनस तरी आला का ते विचारीत. "आला" म्हटले तरी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नसे, याचे कारण मला उशिरा कळले.

रांगेतल्या त्या भाऊंना मी बाजूला बसवले. त्यांना अकुशलाचा दर माहीत होता, आपला कुशलाचा माहीत नव्हता. संघटनेच्या एका कार्यकर्त्याकडून चालू दराचे परिपत्रक मागवून मी तो आकडा पैसे काढण्याच्या स्लिपच्या मागे लिहून दिला. आठवी शिकलेला माणूस, त्याने तो महिन्याच्या हजेरीने गुणून पाहिला आणि पासबुकातल्या जमेशी ताडला. जमा बरोबर होती. मग त्याच दिवशी काढलेली रक्कम त्यातून वजा केली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

"आता कार्ड बंद केलं तर उद्या कामावर घेतील का, साहेब?" त्याने विचारले. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी खोटा धीरही दिला नाही. तो बायकोशी बोलतो म्हणून गेला आणि चार दिवसांनी आला. सोबत आणखी तिघे होते. चौघांनी जुनी कार्डे बंद करण्याचे आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचे अर्ज भरले, चौघांनीही सही केली, अंगठा कोणी लावला नाही. नवे कार्ड घरच्या पत्त्यावर येईल की ठेकेदाराच्या कार्यालयात, हे त्याने मला दोनदा विचारून घेतले आणि अर्जावर लिहिलेला पत्ता स्वतः वाचून पाहिला.